फुललेली झाडे आणि कॅमेरा: बागेत वसंताचा बहर टिपणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

होळीच्या आगेमागे हे प्रश्न दरवर्षी येतात. उत्तरे लिहिताना मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक बागा डोळ्यांसमोर आहेत. फुलांच्या फोटोंबद्दल मिळणारा बराचसा सल्ला ट्युलिप, चेरी अशा थंड हवेतल्या फुलांसाठी असतो: ढगाळ दिवस, मऊ उजेड, हाताशी आलेल्या फांद्या. आपल्याकडे फाल्गुनात कडक ऊन, पानगळ झालेली उंच झाडे आणि फुले थेट शेंड्यावर. म्हणून इथे लेन्सच्या आधी झाडाबद्दल बोलणे आहे.

बहर नेमका कधी असतो?

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, पण झाडे त्याच्या बरीच आधी सुरू होतात. काटेसावर जानेवारीच्या शेवटी लाल व्हायला लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, पिवळीधमक सोनसावर, गुलाबी टॅबेबुया आणि कुंपणाकडेची गिरिपुष्पे. सीता अशोक याच सुमारास फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात नीलमोहर. एप्रिलपासून पुढे बहावा, ताम्हण, पीतमोहर आणि गुलमोहर, ते पाऊस येईपर्यंत.

यातल्या पहिल्या फळीतल्या बहुतेक झाडांवर फुलांच्या वेळी पाने जवळजवळ नसतात. कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला झाड पाने गाळते आणि त्या मोकळ्या फांद्यांवरची फुले पक्ष्यांना लांबून दिसतात. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने हे वरदान आहे आणि अडचणही. फांद्यांची रेषा स्वच्छ मिळते, पण फुलांच्या मागे हिरवा पडदा नसतो, सरळ आकाश असते.

तारखा कुणाच्याही पाठ करू नका. एकाच बागेतले दोन पळस पंधरा दिवसांच्या फरकाने फुललेले दिसतात. आपल्या वाटेवरचे एक झाड ठरवा आणि त्याच्यावर नजर ठेवा. ते फुलले की बाकीच्यांचा अंदाज आपोआप येतो.

आज जावे की पुढच्या आठवड्यात?

कळ्या बघा. पळसाच्या कळ्यांचे देठ आणि टोप्या काळपट, मखमली असतात. दुरून झाड जळाल्यासारखे काळे ठिपकेदार दिसले की बहर तोंडावर आलेला असतो. सगळे झाड पेटलेले असते त्या दिवसापेक्षा निम्मे फुललेले असते तो दिवस आम्हाला जास्त आवडतो, कारण त्या काळ्या कळ्यांशेजारी केशरी रंग उठून दिसतो. पूर्ण बहरात नुसता रंगाचा लोळ उरतो.

बहाव्याचा घोस वरून खाली उमलत जातो. टोकाला पोपटी गोल कळ्या शिल्लक असतील तेव्हा घोस सर्वांत देखणा असतो. ताम्हणाची चुरगळलेल्या पाकळ्यांची फुले ताजी असताना गडद जांभळी आणि जुनी झाली की फिकट, पांढुरकी होतात. त्यामुळे ताम्हणाला पहिल्या आठवड्यातच गाठावे. टॅबेबुयाचा भर मात्र चार-सहा दिवसांचा, त्यात एक जोराचा वारा आला की संपलाच. तिथे पुढचा आठवडा वगैरे काही नसते.

कुठे जावे?

मुंबईत राहत असाल तर आधी भायखळ्याची राणीची बाग. १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन म्हणून सुरू झालेली ही बाग, आता वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. लोक पेंग्विन आणि वाघ बघायला रांग लावतात, झाडांपाशी गर्दी कमी असते. ते आपल्या पथ्यावरच पडते. गोरखचिंच, कैलासपती, सीता अशोक आणि मूळची ब्रह्मदेशातली उर्वशी ही तिथली खास मंडळी. उर्वशीचे लांब लोंबणारे तुरे वसंताच्या सुरुवातीला येतात. लालसर पाकळ्या, मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, आणि सगळे फूल झुंबरासारखे खाली सुटलेले. बाग बुधवारी बंद असते, शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयसुद्धा. दरवर्षी कुणीतरी बुधवारी जाऊन परत येतेच.

माहीम-धारावीचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळी कचऱ्याचे मैदान होते, हे आज तिथली झाडी पाहून खरे वाटत नाही. तिथे बहराबरोबर फुलपाखरेही मिळतात.

पुण्यात रेसकोर्सजवळचे एम्प्रेस गार्डन. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला सगळे पुणे लोटते. झाडे बघायची तर ते ओसरल्यावर जावे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवलेले आहे. तिथे पाण्यातले प्रतिबिंब मिळते. पुण्यातली बरीचशी महापालिका उद्याने दुपारी बंद असतात, हे लक्षात ठेवून निघा.

विक्रोळीच्या पूर्व द्रुतगती महामार्गावरची गुलाबी टॅबेबुयांची रांग ही बाग नाही, तरी विचारणारे खूप असतात. महामार्गावर गाडी थांबवून फोटो काढू नका. सर्व्हिस रोडवरून चालत जा, झाडे तिथूनही तेवढीच गुलाबी दिसतात.

राणीची बाग तिकिटाने उघडेपर्यंत ऊन चढलेले असते. मग सोनेरी उजेड आणायचा कुठून?

आणता येत नाही. त्यासाठी हळहळत बसण्यापेक्षा आहे त्या उन्हाचा उपयोग करावा. तीन गोष्टी करून बघा.

पहिली, उन्हाकडे तोंड करा. सूर्य फुलाच्या मागे असला की पातळ पाकळी आतून उजळते. बहावा, टॅबेबुया आणि ताम्हण या बाबतीत फार उदार आहेत. काटेसावरीची जाड, मांसल पाकळी मात्र उजेड आरपार सोडत नाही. ती मागून उजळायला गेलात तर काळा गोळा मिळेल. तिला बाजूचेच ऊन लागते. सूर्य चौकटीत येणार नाही, एखाद्या फांदीआड राहील असे उभे राहा आणि लेन्सला हुड (पुढे लावायची, ऊन अडवणारी कड) लावा. हुड नसेल तर टोपीची सावली धरा.

दुसरी, खोडावर फुलणारी झाडे शोधा. हा या पानावरचा सर्वांत कामाचा सल्ला म्हणायला हरकत नाही. कैलासपतीची फुले खोडातूनच फुटतात. सीता अशोकाचे झुबके खोडालगत, जुन्या जाड फांद्यांवरही येतात. म्हणजे फूल डोळ्यांच्या पातळीवर, झाडाच्या स्वतःच्या सावलीत, आणि मागे गडद साल. भर बारा वाजताही तिथे उजेड मऊ असतो. कैलासपतीच्या फुलात पुंकेसरांची फणी पुढे वाकून आलेली असते. समोरून काढलात तर ती सपाट वाटते. किंचित बाजूने, फणीच्या आतली पोकळी दिसेल असे उभे राहा. सीता अशोकाचे एक मजेशीर आहे: त्याला पाकळ्याच नसतात. रंगीत दिसतात ती निदले (पाकळ्यांबाहेरची, एरवी हिरवी असणारी दले), आणि त्यांतून लांब पुंकेसर बाहेर आलेले. फुले आधी पिवळट-नारिंगी आणि जुनी होतील तशी लाल होतात, त्यामुळे एकाच झुबक्यात दोन-तीन छटा मिळतात. सोसायटीच्या कुंपणाशी उभा असतो तो उंच, सरळसोट अशोक वेगळा. त्याची फुले हिरवट असतात आणि शोधावी लागतात.

तिसरी, दुपारी झाडाखाली जाऊन वर बघा. सूर्य डोक्यावर आला की झाडाचा सगळा छत्रीसारखा पसारा मागून उजळतो. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात मध्यान्ही सूर्य अगदी माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. गुलमोहर आणि बहावा तेव्हाच भरात असतात. बाजूने त्यांचे फोटो सपाट येतात, खालून मात्र चांगले येतात.

फुले फार उंच आहेत. काय करू?

आधी झाडाभोवती पूर्ण फेरी मारा. बहुतेक झाडांची एखादी फांदी रस्त्याकडे, तलावाकडे किंवा उताराकडे खाली झुकलेली असते. मग आसपासची उंची शोधा: पादचारी पूल, टेकाड, इमारतीचा जिना. पळस किंवा पांगारा समोरासमोर दिसला की त्याच्यामागे आकाशाऐवजी जमीन किंवा दुसरी झाडे येतात आणि फोटोचा नूरच पालटतो. हे काहीच नसेल तर २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स आणि लांब उभे राहणे. बुंध्याशी उभे राहून झूम करू नका. दूर गेलात की वर बघण्याचा कोन कमी होतो.

पळसाचा रंग फोटोत नुसता लाल डाग होतो. का?

कॅमेऱ्याचे मीटर (उजेड मोजणारा भाग) सगळ्या चौकटीची सरासरी काढते. पळस, पांगारा, काटेसावर यांचा उजेड बहुतेक सगळा लाल पट्ट्यात असतो, त्यामुळे सरासरी ठीक असतानाही लाल चॅनेल भरून वाहते आणि पाकळीवरची लव, शिरा, घड्या सगळ्या पुसल्या जातात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट). कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) असेल तर तो लावा आणि लाल डोंगर उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) काढलात तर पुढे हातात काहीतरी राहते. ‘व्हिव्हिड’ नावाचा रंगाचा पर्याय या दिवसांत बंदच ठेवा. पळसाला आणखी भडक करायची गरज नसते.

नीलमोहर कधी निळा, कधी जांभळा, कधी गुलाबीच येतो.

ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेला रंगांचा तोल, प्रत्येक फोटोला वेगळा विचार करतो. तो उन्हासाठी कायम करा, म्हणजे निदान सगळे फोटो सारखे येतील. झाडाखाली हिरव्या पानांतून झिरपलेला उजेड असतो, तिथे घरी आल्यावर हिरवी झाक थोडी कमी करावी लागते. प्रत्यक्षातला रंग लक्षात राहत नाही, म्हणून पडलेले एक फूल पांढऱ्या कागदावर ठेवून तिथेच एक फोटो काढून घ्या. नंतर रंग जुळवायला तोच आधार.

मागचे आकाश पांढरेफटक येते.

मार्चमध्ये धुरकट हवा असतेच. आकाश निळे नसेल तर ते चौकटीतून बाहेर काढा: मागे वडाची गर्दी, जुन्या इमारतीची भिंत, सावलीतले काहीही. आकाश सोबत घ्यायचेच असेल तर उलट करा. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवून ते कोरे पांढरे होऊ द्या आणि फांद्या-फुलांना कागदावर काढलेल्या चित्रासारखे वागवा. गुलाबी टॅबेबुयाला हे छान शोभते. निळे आकाश असलेल्या दिवशी पोलरायझर फिल्टर (आकाश गडद करणारी, लेन्सवर लावायची काच) कामाला येतो. सूर्यापासून काटकोनात बघितले की त्याचा परिणाम सर्वांत जास्त. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेवढा हिशेब ठेवा.

मोबाइल पुरेसा आहे का?

झाड, सडा, खोडावरची फुले यांसाठी अगदी पुरेसा. फुलावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतील. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. रुंद लेन्सने फुलाच्या अगदी जवळ जाण्यापेक्षा दुप्पट झूमवर थोडे लांबून काढलेले बरे. जवळ गेलात की फोनचीच सावली फुलावर पडते. पोर्ट्रेट मोड (मागचे धूसर करणारा) पुंकेसर कापतो, सीता अशोकाचे तर पार टक्कल करतो. शेंड्यावरच्या फुलांसाठी मोबाइलच्या झूमवर फार भिस्त ठेवू नका.

लेन्स कोणती घेऊ?

आहे ती. किट लेन्सला (कॅमेऱ्याबरोबर येते ती) एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ कडी, लावली तर थोड्या पैशांत मॅक्रोचे, म्हणजे अगदी जवळून काढण्याचे, काम भागते. नवीनच घ्यायची असेल तर बहरासाठी मॅक्रोआधी ७०-३०० मिलिमीटरची घ्या, कारण आपली फुले लांब असतात.

वाऱ्यावर घोस हलत राहतो.

शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) बिनधास्त वाढवा. सकाळी लवकर वारा पडलेला असतो. बहाव्याचे घोस मात्र हलले तर हलू द्या. १/१५ ला पिवळी रेघ ओढल्यासारखी येते आणि कधीकधी तीच बघत राहावीशी वाटते.

फुलावर पाणी शिंपडून दवबिंदू करावेत का?

मेमध्ये दुपारी दव? बघणाऱ्याला कळते हो.

खाली पडलेल्या फुलांचा सडा छान दिसतो, पण पोहोचेपर्यंत झाडून गेलेला असतो.

झाडलोट करणाऱ्या ताईंना विचारा, त्या कुठून सुरुवात करतात. बहुतेक बागांत मुख्य वाटा आधी आणि आतले कोपरे शेवटी होतात, म्हणजे तुमचा क्रम उलटा हवा. ‘ताई, एवढा कोपरा दहा मिनिटे राहू द्या’ म्हटले तर सहसा राहू देतात. वर कुठे जास्त फुले पडली आहेत तेही सांगतात. बागेतल्या झाडांचे वेळापत्रक त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते.

सडा उभ्याने काढू नका. जमिनीला टेकून काढा, समोरचे एक फूल स्पष्ट आणि मागे रंगाचा पट्टा. काटेसावरीचे फूल जड असते, अख्खेच धप्पकन पडते, पाचही पाकळ्या आणि पुंकेसरांचे जुडगे शाबूत. ते उचलून न्याहाळण्यासारखे आहे. फांदी हलवून सडा पाडण्याचे उद्योग मात्र नकोत. त्यात कळ्याही पडतात आणि झाडावरचे पक्षी उडतात.

फुलांवरचे पक्षी कसे टिपायचे?

पळस, पांगारा आणि काटेसावर या झाडांकडे मध प्यायला साळुंक्या, भांगपाडी मैना, पळसमैनांचे थवे, पोपट, कोतवाल, शिंजीर, शिवाय खारी येतात. सकाळचे पहिले दोन तास गर्दी असते. पक्ष्यामागे लेन्स फिरवत धावू नका. एक चांगला उजेड पडलेला, मागे मोकळी जागा असलेला झुबका निवडा आणि त्यावर फोकस लावून उभे राहा. पक्षी फांदीवरच्या झुबक्यांना एकेक करून भेट देत जातात, तुमच्या झुबक्याचीही पाळी येते. शटर १/१००० च्या वर. शिंजीरासाठी तेही कमी पडते.

सुरक्षारक्षक अडवतात. परवानगी लागते का?

प्रत्येक बागेचा नियम निराळा, आणि तो फाटकावरच्या फलकावर लिहिलेला असतो. साधारण असे दिसते: हौशी माणसाने हातात धरून काढलेल्या फोटोंना हरकत नसते. कॅमेऱ्यासाठी वेगळे तिकीट असू शकते. ट्रायपॉड, रिफ्लेक्टर, कपडे बदलणारे जोडपे दिसले की ते व्यावसायिक चित्रीकरण धरले जाते आणि त्याला उद्यान विभागाची लेखी परवानगी व शुल्क लागते. गंमत अशी की मोबाइलने दिवसभर व्हिडिओ काढणाऱ्याला कुणी हटकत नाही, आणि मोठी लेन्स दिसली की ‘साहेब, कुठल्या पेपरचे?’ सुरू होते. वाद घालू नका. रक्षकाला त्याच्या साहेबांना उत्तर द्यायचे असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फुलांचे फोटो दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. ट्रायपॉडऐवजी मोनोपॉड (एका पायाचा टेकू) किंवा बाकावर ठेवलेली धान्याची पिशवी चालते.

बागेत व्यायाम करणारे, बाकावर बसलेली जोडपी, खेळणारी मुले चौकटीत ओळखू येतील अशी घेऊ नका. मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

ड्रोन?

नको. ड्रोन नियम २०२१ नुसार उडवण्याआधी त्या जागेचा विभाग लाल, पिवळा की हिरवा हे बघावे लागते. मुंबई-पुण्यात विमानतळ आणि लष्करी हद्दीमुळे मोठा भाग लाल-पिवळ्यातच अडकतो. शिवाय फुललेल्या झाडावर पक्षी असतात.

टॅबेबुयाला मुंबईचा चेरी ब्लॉसम म्हणतात ते बरोबर का? आणि खऱ्या चेरीसाठी काही वेगळे?

बरोबर नाही, पण आता ते थांबणारही नाही. टॅबेबुया मूळ मध्य अमेरिकेकडचा, एल साल्वादोरचा तो राष्ट्रीय वृक्ष. फुले तुतारीच्या आकाराची. चेरीशी त्याचे नाते फक्त रंगापुरते.

परदेशातली मराठी मंडळी खऱ्या चेरीबद्दल विचारतात. न्यू जर्सीकरांना नेवार्कचे ब्रँच ब्रूक पार्क जवळ पडते. वॉशिंग्टनची झाडे १९१२ मध्ये टोकियोने भेट दिलेली, तिथे ७० टक्के योशिनो जातीची चेरीची फुले उमलली की पूर्ण बहर धरतात, बहुधा मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. इथला सल्ला तिथे उलटा करायचा: फूल फिकट असते, म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवायचे. आणि ढगाळ दिवस आला तर घरी बसायचे नाही.

झाड ओळखता येत नाही. फोटोवरून नाव कळेल?

फक्त फुलाच्या फोटोवरून नेहमी कळत नाही. पूर्ण झाड, खोडाची साल, पानाची वरची आणि खालची बाजू, शेंग किंवा फळ असेल तर तेही काढून ठेवा. पळसाला पाने तीनच, हे खरे, पण पांगाऱ्यालाही एका देठावर तीनच पर्णिका असतात. पळसाच्या गोलसर, जाड आणि चामड्यासारख्या. पांगाऱ्याच्या टोकदार, आणि फांदीवर काटे. ऐन बहरात पाने नसली तर खाली वाळलेली सापडतात, किंवा महिनाभराने पालवी आल्यावर परत जावे.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलात तर जाणकार नाव सुचवतात, आणि कुठले झाड कुठल्या महिन्यात फुलल्याच्या नोंदी आहेत तेही दिसते. सीझनवॉच या उपक्रमात एकच झाड निवडून त्याची पालवी, कळ्या, फुले आणि फळे यांची दर आठवड्याला नोंद करतात. तुम्ही तसेही त्याच झाडाखाली उभे असता. नाव नक्की झाले की फाइलच्या नावातच झाड, बाग आणि तारीख लिहून टाका, ‘काटेसावर_राणीबाग_१२फेब्रुवारी’ असे. पुढच्या जानेवारीत कधी निघायचे ते त्यावरूनच ठरते.